मुलांना घेऊन परदेशी जातोय, इंटरनॅशनल शाळा कशी निवडायची?

कदंब:
नमस्कार मंडळी. नवऱ्याची परदेशात बदली जवळजवळ ठरलीये. देश अजून पक्का नाही, दोन ऑप्शन आहेत, पण दोन्हीकडे कंपनी तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देतेय आणि पुढे वाढेल असं सगळे तोंडी सांगतात, कागदावर कोणी देत नाही. त्यानंतर परत यायचं की तिसऱ्याच देशात जायचं ते आत्ता काहीच माहीत नाही.

आम्हाला दोन मुलं. मुलगी तेरा पूर्ण, आठवी संपत आलीये, गणितात खूप छान आहे, इंग्लिश कळतं पण मोठं उत्तर लिहायचं म्हटलं की अडते, कारण आजवरचं शिक्षण मातृभाषेतून झालंय. मुलगा सहा वर्षांचा, बडबड्या, पण वाचायला अजून फार जड जातंय त्याला.

दोन्ही शहरांत मिळून डझनभर शाळांच्या वेबसाइट बघून झाल्या आणि आता डोकं चालेना. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), ब्रिटिश, अमेरिकन, सगळ्यांचे फोटो सारखे, सगळ्यांची वाक्यं सारखी, सगळेच म्हणतात आम्ही मुलाचा सर्वांगीण विकास करतो. ॲडमिशन ऑफिसला फोन केला की गोड बोलतात आणि ॲप्लिकेशन फी भरा म्हणतात. कोणता बोर्ड घ्यावा? दोघांना एकाच शाळेत घालावं का? आणि शाळा बघायला प्रत्यक्ष जाता येणार नसेल तर चांगली-वाईट ओळखायची कशी? ज्यांनी हे केलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला घाई आहे पण वाचायला वेळ काढीन.

भिंगरी:
कदंब, आमच्या घरात बदल्या पाचवीला पुजलेल्या, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहिते. बोर्ड कोणता हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी एक कागद घेऊन मुलीची पुढची पाच वर्षं मांडा, शेजारी तुमच्या कॉन्ट्रॅक्टची वर्षं मांडा. कारण तुमच्या केसमध्ये खरी अडचण तिथेच आहे आणि कुठलीच शाळा ती तुम्हाला आपणहून सांगणार नाही.

बघा, ती आठवी संपवून जाणार म्हणजे साधारण ग्रेड ९ मध्ये बसणार. ब्रिटिश शाळांत आकडा एकाने पुढे असतो, ग्रेड ९ म्हणजे तिथलं इयर १०. आयजीसीएसई, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या टप्प्यावरची परीक्षा, हा दोन वर्षांचा कोर्स बहुतेक ठिकाणी नेमका इयर १० ला सुरू होतो आणि इयर ११ च्या शेवटी परीक्षा. म्हणजे सुरुवात तर छान जुळतेय. पण तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपेल तेव्हा ती इयर १२ संपवून उभी असेल, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या कोर्सच्या, आयबी डिप्लोमा किंवा ब्रिटिश ए लेव्हलच्या, बरोबर मध्यावर. त्या टप्प्यावर मूल हलवणं सगळ्यात कठीण. आयबी डिप्लोमाला सहा विषय असतात, त्यातले तीन हायर लेव्हलला (जास्त खोलात), बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला, आणि दुसऱ्या वर्षाला नवीन शाळेत जायचं तर तेच सहा विषय त्याच लेव्हलला तिथे असावे लागतात, शिवाय शिकवायचा क्रम जुळावा लागतो. बऱ्याच शाळा त्या वर्षी नवीन मूल घेतच नाहीत.

म्हणून नवऱ्याला सांगा की कंपनीशी आत्ताच बोलायचं. एकतर चौथं वर्ष लेखी घ्या, किंवा बदली झाली तरी मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुटुंबाला तिथे राहता येईल आणि फी मिळेल असं कलम घालून घ्या. सही झाल्यावर यातलं काही मिळत नाही. दोन्ही नाहीच जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, आयजीसीएसई झाल्या झाल्या हलायचं असं मनाशी धरूनच जा, नवरा एक वर्ष मागे एकटा राहिला तरी चालेल.

अजून एक, इयर कुठलं मिळणार ते जन्मतारखेवर ठरतं. इंग्लंडच्या पद्धतीत १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा वयाचा गट धरतात. मुलीची तारीख सीमेवर असेल तर शाळेशी आधी बोला, तिच्या बाबतीत एक वर्ष खाली बसणं म्हणजे इंग्लिश सुधारायला अख्खं वर्ष मिळणं, आणि यात कमीपणा वाटून नकार देऊ नका. पण मग वरचं सगळं गणित एका वर्षाने सरकतं हेही बघा, तीन वर्षं संपताना आयजीसीएसई नुकतीच झालेली असेल, म्हणजे उलट बरंच!

दक्षिण गोलार्धात जाणार असाल तर शाळेचं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीला सुरू होतं. काही इंटरनॅशनल शाळा तिथेही ऑगस्ट-सप्टेंबरचं कॅलेंडर ठेवतात, काही नाही ठेवत. सहा महिने पुढे किंवा मागे जातात मुलं.

फळाखडू:
भिंगरीताईंना पूर्ण अनुमोदन. मी बरीच वर्षं इंटरनॅशनल शाळेत शिकवतोय, वरचे वर्ग, म्हणून बोर्डांबद्दल थोडं आतलं लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की इंटरनॅशनल हे नाव बहुतेक देशांत कोणीही लावू शकतं. त्यामुळे नावावर जाऊ नका, मान्यता बघा. शाळा आयबी म्हणत असेल तर आयबीच्या स्वतःच्या वेबसाइटवर शाळा शोधायची सोय आहे, तिथे नाव टाका आणि कुठल्या प्रोग्रॅमची मान्यता आहे ते वाचा, कारण ती प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी मिळते. प्रायमरीची आहे आणि डिप्लोमाची नाही असं सर्रास असतं. कॅंडिडेट स्कूल असं लिहिलं असेल तर अजून मान्यता मिळालेली नाही, अर्ज केलाय इतकंच. त्याशिवाय शाळा तपासून मान्यता देणाऱ्या संस्था आहेत, सीआयएस (कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स), अमेरिकन पद्धतीच्या शाळांना एनईएएससी किंवा डब्ल्यूएएससी, आणि ब्रिटिश शाळांना ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज नावाची इंग्लंडच्या शिक्षण खात्याची तपासणी योजना आहे. त्या तपासणीचे रिपोर्ट जाहीर असतात आणि वाचण्यासारखे असतात. शाळेचं ब्रोशर वाचण्यात घालवायचा वेळ तिकडे घालवा, त्यात काय सुधारायला हवं ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता तिन्ही पद्धती. इंटरनॅशनल शाळा ही गोष्टच मुळात तुमच्यासारख्यांच्या गरजेतून आली, १९२४ साली जिनिव्हात लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ऑफिसमध्ये आलेल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाली, आणि पुढे या मुलांना आपापल्या देशात किंवा भलत्याच देशात कॉलेजला जायचं तर सगळीकडे चालेल असं एक सर्टिफिकेट हवं म्हणून १९६८ मध्ये आयबी उभी राहिली. त्यामुळे डिप्लोमा पूर्ण होणार असेल आणि पुढचा देश माहीत नसेल तर तो चांगला. सहा विषयांचे प्रत्येकी ७, शिवाय एक्स्टेंडेड एसे (मोठा संशोधन-निबंध) आणि थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय यावर विचार करायचा कोर्स) मिळून ३, असे ४५ पैकी मार्क, पास व्हायला निदान २४ आणि वर काही अटी. पण यात लिखाण प्रचंड. एकट्या एक्स्टेंडेड एसेची मर्यादा ४००० शब्दांची आहे. लिहिताना अडणाऱ्या मुलीला हे दोन-तीन वर्षांनी जमेल, लगेच नाही.

मधल्या वर्गांची गोम वेगळी. आयबीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम अकरा ते सोळा वयाचा, शिकायला छान, मला स्वतःला आवडतो. पण त्याच्या शेवटची बाहेरची परीक्षा शाळेच्या मर्जीवर असते. काही शाळा ती घेतच नाहीत. मग दहावीच्या टप्प्यावर मुलीच्या हातात फक्त शाळेचं प्रगतिपुस्तक असतं आणि तुम्हाला नेमकं तेव्हाच हलायचं असण्याची शक्यता आहे. आयजीसीएसईला तिथे बाहेरच्या बोर्डाची परीक्षा आणि सर्टिफिकेट मिळतं. केम्ब्रिजची आयजीसीएसई १९८८ पासून आहे आणि बहुतेक देशांत ओळखतात. म्हणून तुमच्या मुलीसाठी, फक्त तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, मी आयजीसीएसई देणारी आणि पुढे डिप्लोमा किंवा ए लेव्हल दोन्हीतलं काही असणारी शाळा बघीन. ए लेव्हलचा एक फायदा म्हणजे तीनच विषय, गणितवाल्या मुलांना बरं पडतं, आणि केम्ब्रिजच्या पद्धतीत पहिल्या वर्षाच्या शेवटी एएसची परीक्षा देऊन तिचं वेगळं सर्टिफिकेट घेता येतं, मध्येच निघावं लागलं तर निदान काहीतरी हातात राहतं.

अमेरिकन पद्धतीत वर्षावर्षाचे क्रेडिट असतात, त्यामुळे मधून शाळा बदलणं त्यातल्या त्यात सोपं. मात्र कॉलेजला जाणारी ट्रान्सक्रिप्ट ग्रेड ९ पासून मोजतात, म्हणजे तुमच्या मुलीचं पहिलंच, भाषेशी झटापटीचं वर्ष त्यात धरलं जाणार. शिवाय नुसतं हायस्कूल डिप्लोमा बऱ्याच देशांतल्या युनिव्हर्सिटीला पुरत नाही, सोबत एपीच्या, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा लागतात. शाळेत एपीचे कोणते विषय दरवर्षी खरंच चालतात ते विचारा.

आणि कृपा करून सगळ्यांना एक विचारा, आयजीसीएसई असेल तर कोणत्या बोर्डाची. केम्ब्रिज आणि पिअर्सन एडेक्सेल दोन्ही आहेत, विषय तेच पण सिलॅबस वेगळे, आणि इयर १० झाल्यावर शाळा बदलली तर मुलाला अर्धं परत करावं लागतं.

कदंब:
बापरे, कॉन्ट्रॅक्ट आणि वर्षं एकमेकांशेजारी मांडून बघायचं हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आजच नवऱ्याशी बोलले, तो उद्या एचआरला लिहितोय.

फळाखडू सर, इंग्लिशचं काय करू? ॲडमिशनला टेस्ट घेतात म्हणे, ती त्यातच अडकेल अशी भीती वाटते. आता दोन महिने क्लास लावू का? आणि मुलाच्या वाचनाबद्दल शाळेला सांगावं का नाही यावर घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात सांगू नका, घेणार नाहीत.

फळाखडू:
टेस्टचा एवढा धसका नको. बऱ्याच शाळा कॅट-फोर नावाची टेस्ट घेतात, तिचे चार भाग असतात, शब्दांचा, आकड्यांचा, आकृत्यांचा आणि अवकाशाचा, आणि चारही मार्क वेगवेगळे येतात. भाषेत मागे असलेलं पण हुशार मूल त्यात लगेच दिसतं, शब्दांचा भाग खाली आणि बाकीचे वर. समजदार शाळा अशा मुलाला आनंदाने घेते. काही अमेरिकन शाळा मॅप घेतात, ती कॉम्प्युटरवर असते आणि उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड होत जातात, म्हणून शेवटी शेवटी अवघड लागले तर घाबरायचं नाही एवढं तिला सांगून ठेवा. क्लासपेक्षा रोज तिला एखाद्या आवडत्या विषयावर इंग्लिशमध्ये पानभर लिहू द्या आणि विज्ञान-गणिताचे इंग्लिश शब्द करून घ्या, गणित येतंय पण प्रश्न काय विचारलाय ते कळत नाही ही फार छळणारी अवस्था असते.

भाषेबद्दल एक मात्र पालकांनी मनात पक्कं करावं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांवर काम करून दाखवलं की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा, म्हणजे निबंध, युक्तिवाद, व्याख्या, यायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल सहा महिन्यांत मित्रांशी फाडफाड बोलायला लागतं आणि आईबाबांना वाटतं झालं, शाळेलाही वाटतं झालं, मग सपोर्ट काढून घेतात आणि मार्क का पडत नाहीत म्हणून मूल बोलणी खातं. म्हणून शाळेला विचारा की ईएएलचा, म्हणजे इंग्लिश नवीन असलेल्यांचा सपोर्ट किती काळ देता, मुलाला वर्गातून उठवून नेता की टीचर वर्गातच येऊन मदत करतात, तेव्हा कोणता विषय बुडतो, आणि त्याची फी वेगळी आहे का. फी वेगळी असणं फार कॉमन आहे. आणि गणितात कोअर (सोपा, कमी अभ्यासक्रम) की एक्स्टेंडेड (पूर्ण) ते विचाराच. केम्ब्रिजच्या आयजीसीएसई गणितात कोअरला बसवलं तर सगळं बरोबर येऊनही सी च्या वर ग्रेड मिळत नाही. इंग्लिश कच्चं म्हणून गणितातल्या हुशार मुलांना कोअरला बसवलेलं मी पाहिलंय, ते होऊ देऊ नका, भांडा.

ओंजळ:
मुलाबद्दल मी लिहिते, मी शिकायला अडचण येणाऱ्या लहान मुलांबरोबर काम करते.

सासूबाईंची काळजी समजते पण प्लीज लपवू नका. सहाव्या वर्षी वाचन जड जाणं हे नुसतं उशिरा येणंही असू शकतं. पहिलं काम, निघायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या, नीट तज्ज्ञांकडे, शाळेतल्या कॅम्पमध्ये नाही. दुसरं, त्याला जी भाषा येते त्याच भाषेत त्याचं असेसमेंट इथेच करून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. तिकडे गेल्यावर टेस्ट इंग्लिशमध्ये होणार, आणि मग अडचण भाषेची आहे की वाचनाची हे कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंनी मुलांचं नुकसान होताना बघते मी, नुसती भाषा नवीन असलेल्या मुलाला लर्निंग डिफिकल्टीचं लेबल लागतं, किंवा खरंच डिस्लेक्सियाची लक्षणं असलेल्या मुलाला दोन-तीन वर्षं भाषा आली की होईल म्हणून बसवून ठेवतात, आणि मदतीला सगळ्यात उपयोगी असलेली तीच वर्षं निघून जातात. रिपोर्ट सहा-सात वर्षांच्या मुलाचा असला तर त्यावर पक्कं निदान बहुतेक नसतं, असायलाही नको, पण ध्वनी ओळखणं, अक्षर-आवाज जोडणं, स्मरण, हे कुठे कसं आहे ते लिहिलेलं असतं आणि नव्या टीचरला तिथून सुरुवात करता येते.

शाळेला सांगायचं कारण अजून एक. ॲडमिशन फॉर्ममध्ये ही माहिती विचारलेली असते आणि दडवली तर प्रवेश रद्द करायचा हक्क शाळा करारात ठेवतात. वर्षाच्या मध्यात, परक्या गावात, दुसरी शाळा शोधणं म्हणजे काय त्याचा विचार करा. जी शाळा रिपोर्ट बघून नाही म्हणेल तिच्याकडे त्याला शिकवायला माणूस नाहीये, ते आधीच कळलं तर बरंच आहे. विचारायचे प्रश्न: लर्निंग सपोर्टला किती शिक्षक आहेत आणि त्यांचं ट्रेनिंग काय, सपोर्ट फीमध्ये धरलाय की महिन्याचं बिल वेगळं, वाचन शिकवायला फोनिक्स पद्धतशीर घेता का. आयबीच्या प्रायमरीत मोकळेपणा खूप असतो, प्रश्न विचारून शिकायचं वगैरे, ते सुंदरच आहे, पण वाचन अडलेल्या मुलाला अक्षर-आवाजांचा रोजचा ठरलेला सराव लागतो. तो वेगळा घेतात ना ते खात्री करा.

आणि त्याच्याशी घरी मातृभाषेत बोलणं, गोष्टी वाचून दाखवणं अजिबात थांबवू नका, एखाद्या टीचरने घरी इंग्लिश बोला असं सांगितलं तरीही. गोंधळ होत नाही त्याने.

पायवाट:
सगळे इंटरनॅशनल शाळांवरच बोलतायत म्हणून वेगळं मत मांडतो. सहा वर्षांच्या मुलाला इंटरनॅशनल शाळाच का? तिथली साधी स्थानिक शाळा चांगली असेल तर तो वर्षभरात ती भाषा शिकेल, गल्लीतले मित्र मिळतील, आणि तुमचे पैसे वाचतील ते वेगळंच. इंटरनॅशनल शाळेतली मुलं बरेचदा गाडीतून येतात गाडीतून जातात, त्या देशात राहूनही त्या देशाला भेटत नाहीत. मला हे मनापासून खटकतं. लोक सुरक्षिततेच्या नावाखाली मुलांना काचेच्या घरात ठेवतात.

ओंजळ:
पायवाट, एरवी तुमच्याशी सहमत झाले असते, धडधाकट वाचणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी स्थानिक शाळा हा फार चांगला पर्याय आहे, खासकरून तिथे पाच-सहा वर्षं राहायचं असेल तर. पण या मुलाला वाचन जड जातंय, त्यात तीन वर्षांनी परत भाषा बदलणार. त्याच्यावर तिसऱ्या लिपीचं ओझं मी तरी लगेच टाकणार नाही. स्थानिक भाषा त्याला खेळातून मिळू दे, एखादा खेळाचा क्लब शोधा मोहल्ल्यातला. मुलीला मात्र या वयात स्थानिक माध्यमात घालणं खरंच अन्याय होईल.

हिशेबवही:
फीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वेबसाइटवर दिसते ती ट्यूशन फी, ती पूर्ण खर्च नाही. ॲप्लिकेशन फी परत मिळत नाही, म्हणून सरसकट पाच शाळांना भरू नका. सीट मिळाली की रजिस्ट्रेशन किंवा एनरोलमेंट फी. मग कॅपिटल लेव्ही किंवा डेव्हलपमेंट फी, कुठे एकदाच कुठे दरवर्षी. काही शहरांत डिबेंचर नावाचा प्रकार आहे, मोठी रक्कम शाळेकडे ठेवायची, ती सगळी परत मिळते की दरवर्षी घसरते ते कागदावर वाचा, आणि कंपनीच्या नावाने घेता येतं का ते विचारा, मोठ्या कंपन्यांकडे अशा जागा राखून असतात आणि त्या नावावर वेटिंग लिस्टमध्ये वरही जाता येतं. त्यावर बस, युनिफॉर्म, लॅपटॉप, ट्रिप, आणि बोर्डाच्या परीक्षेची फी, जी आयजीसीएसईला विषयागणिक असते.

कंपनीचा एज्युकेशन अलाउन्स कशाकशाला लागू आहे ते ओळीओळीने लिहून घ्या. नुसती ट्यूशन देणार असतील तर वरचं सगळं खिशातून. बऱ्याच देशांत हा अलाउन्स पगारात धरून टॅक्स लागतो, कंपनी थेट शाळेला भरते की तुमच्या हातात देते यावरही फरक पडतो, तर टॅक्स कोण भरणार ते आधी ठरवा. शाळा सोडायची नोटीस बहुतेक ठिकाणी पूर्ण एका टर्मची असते, नाही दिली तर त्या टर्मची फी जाते. बदलीच्या नोकरीत एवढी आधी सूचना कुणाला मिळते? म्हणून ते कलमही कंपनीच्या गळ्यात घाला.

आणि घर आधी घेऊ नका! सीट लेखी हातात आल्यावर शाळेच्या बसमार्गावर घर शोधा. सहा वर्षांच्या पोराला दीड-दीड तास बसमध्ये बसवलं तर शाळा कितीही चांगली असो, त्यात काही अर्थ नाही. दोघांना दोन शाळांत घालणार असाल तर सुट्ट्यांची कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा, आणि भावंडांची सवलत जाते हेही धरा.

कागदपत्रं: मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं इंग्लिश भाषांतरासह, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद, जन्मदाखला. हेगच्या १९६१ च्या करारातले देश असतील तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) चालतं, नाहीतर वकिलातीचे शिक्के लागतात आणि त्याला वेळ जातो. जुन्या शाळेच्या टीचरचा गोपनीय रिपोर्ट नवी शाळा थेट मागवते, तर क्लास टीचरना आत्ताच सांगून ठेवा, सुट्टी लागली की कोणी भेटत नाही.

दूरदेशी:
मी पालक म्हणून नाही लिहीत, जे मूल असं हललं ते मी होते, चौदाव्या वर्षी. इतक्या सगळ्या चांगल्या प्रतिसादांत मुलीला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही म्हणून लिहावंसं वाटलं.

कदंबताई, शाळांशी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा तिला शेजारी बसवा, आणि शाळेला सांगा की तिच्याच वर्गातल्या, दोन-एक वर्षांपूर्वी आलेल्या एखाद्या मुलीशी तिला बोलायचंय, मोठ्यांशिवाय. चांगल्या शाळा हे लगेच जमवून देतात. त्या मुलीला ती विचारेल ते आपल्याला सुचणारही नाही, डबा कोणाबरोबर खातात, एकाच भाषेचा मोठा ग्रुप आहे का आणि तो बाकीच्यांना धरून असतो का. हा शेवटचा मुद्दा शाळेलाही विचारा, वर्गात एका देशाची मुलं निम्म्याहून जास्त असतील तर नाव इंटरनॅशनल असलं तरी मधल्या सुट्टीत बाहेरचं मूल एकटं पडतं. दरवर्षी किती मुलं सोडून जातात, किती नवीन येतात, आणि शिक्षक किती टिकतात हेही. बरेच शिक्षक दोन वर्षांच्या करारावर असतात. मुलांना दरवर्षी जवळच्या कुणाला तरी निरोप द्यायची वेळ येते आणि मोठ्यांना ते किरकोळ वाटतं, ते किरकोळ नसतं. चांगल्या शाळेत येणाऱ्यांसाठी आणि जाणाऱ्यांसाठी दोघांसाठीही काहीतरी ठरलेली सोय असते, बडी असतो, काउन्सेलर असतो. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे आणि शिक्षकांची मागची चौकशी कशी करता हे विचारायला लाजू नका. उत्तर द्यायला अडखळले तर पुढे जाऊ नका.

निघण्याचा महिना तुमच्या हातात असेल तर वर्ष पूर्ण करून निघा आणि तिकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू करा. तेव्हा नवीन मुलं बरीच असतात. मध्येच आलेलं मूल एकटंच नवीन असतं.

आणि तिची मातृभाषा सोडवू नका. नुसतं बोलणं नाही म्हणत मी, लिहिणं-वाचणं. आठवीपर्यंतचं तिचं सगळं डोकं त्या भाषेत तयार झालंय.

फळाखडू:
दूरदेशी, फार बरं केलंत लिहिलंत. शेवटच्या मुद्द्याला जोडून: डिप्लोमात सहापैकी एक विषय साहित्याचा, स्वतःच्या भाषेतला असतो, आणि शाळेत त्या भाषेचा टीचर नसला तरी स्कूल सपोर्टेड सेल्फ टॉट म्हणून मुलं तो स्वतः वाचून स्टँडर्ड लेव्हलला देऊ शकतात. त्याने तिचा एक विषय तिच्या ताकदीच्या भाषेत होतो, आणि इंग्लिशही तसंच पहिल्या भाषेचा विषय (लँग्वेज ए) म्हणून घेतलं तर बायलिंग्वल, म्हणजे दोन भाषांतला, डिप्लोमा मिळतो. पण त्यासाठी दोन वर्षं आधीपासून वाचन चालू लागतं, म्हणून जाताना पुस्तकं घेऊन जा, चांगली कसदार, वजनाचा विचार न करता.

कदंब:
सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून घेतलाय. अपडेट: एचआरने चौथं वर्ष लेखी द्यायला नाही म्हटलं, पण बदली आली तर मुलीचं चालू शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत फी आणि घरभाडं देऊ असं मेलवर आलंय. मुलाचं असेसमेंट पुढच्या आठवड्यात आहे. यादीत तीन शाळा उरल्यात, दोन ब्रिटिश आणि एक आयबी, आणि मुलीने स्वतःचे प्रश्न वहीत लिहायला घेतलेत.

एक शेवटचं, तिला इंजिनिअरिंगकडे जावंसं वाटतंय. एका ब्रिटिश शाळेत पुढे फक्त आयबी डिप्लोमा आहे, ए लेव्हल नाही. चालेल का?

भिंगरी:
मेल आलंय तर ते कॉन्ट्रॅक्टला जोडून घ्या हं, नुसतं मेलवर सोडू नका, एचआरची माणसं बदलतात. आणि चालू शैक्षणिक वर्ष याऐवजी चालू कोर्स पूर्ण होईपर्यंत असा शब्द मागून बघा. डिप्लोमा दोन वर्षांचा आहे, वर्ष म्हटलं तर परत मध्यावरच अडकाल.

फळाखडू:
भिंगरीताई म्हणतायत तो शब्द बदलून घ्याच.

इंजिनिअरिंगला डिप्लोमा चालतो, पण त्या शाळेला तीन गोष्टी आत्ताच विचारा. आयबीत २०१९ पासून गणिताचे दोन वेगळे कोर्स आहेत, ॲनालिसिस अँड अप्रोचेस आणि ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, आणि इंजिनिअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांना पहिला, तोही हायर लेव्हलचा लागतो. तो शाळेत दरवर्षी चालतो का, की मुलं कमी आली तर बंद करतात? फिजिक्स हायर लेव्हल त्याच्याच बरोबर घेता येतं का, की टाइमटेबलमध्ये दोन्ही एकाच तासाला पडतात? लहान शाळांत हा प्रकार फार होतो. आणि मागच्या दोन-तीन वर्षांत हे दोन विषय घेतलेली मुलं कुठे गेली ती यादी मागा, नावं नकोत, कॉलेजं आणि देश तेवढे. तिन्हीची उत्तरं मेलवर घ्या.